तसराच्या पतंगाचे कूळ आणि मूळ

वैनगंगेच्या खोऱ्यापासून छोटा नागपूरच्या पठारापर्यंत मध्य भारतात पानझडी अरण्यांचा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. ज्येष्ठ सरता सरता पहिल्या पावसाने तेथील जमीन भिजली, की संध्याकाळनंतर एक मोठा पतंग झाडांवरच्या टणक कोशांतून बाहेर पडू लागतो. पंख पसरले असता त्याची रुंदी जवळजवळ वीतभर भरते. चारही पंखांवर एकेक वाटोळे नेत्रचिन्ह असते आणि त्याच्या मध्यभागी काचेसारखी पारदर्शक चकती असते. नराचा रंग बहुधा तांबूस तपकिरी, तर मादीचा पिवळा अथवा राखी. ह्या पतंगाला अन्न घेण्याजोगे मुखच नसते. अळी असताना जे खाल्ले असेल त्याच्याच बळावर तो थोडे दिवस जगतो, मीलन साधतो आणि मरतो. मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. आठदहा दिवसांनी त्यांतून अळ्या निघतात, चार वेळा कात टाकून हिरव्यागार व बोटाएवढ्या होतात आणि महिना-दीड महिन्याने डहाळीला घट्ट वेढा देऊन, तिला लोंबणारा देठाचा कोश विणतात. त्या वर्षातल्या शेवटच्या पिढीचा जीव कोशातच सारा हिवाळा व उन्हाळा निजून काढतो. हाच तसराचा पतंग. विदर्भात ज्याला कोसा म्हणतात, त्या रेशमाचा जनक.

ज्या प्राण्याचा धागा देशात शेकडो वर्षे कातला जात आहे, त्याची ओळख पटणे ही सोपी गोष्ट असावी असे कोणालाही वाटेल. परंतु ह्या पतंगाला शास्त्रीय नाव देण्याचा आणि त्या नावामागचा प्राणी कोणता हे ठरविण्याचा उद्योग दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला. त्या उद्योगाचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट पुन:पुन्हा प्रत्ययास येते. ज्यांनी केवळ पतंगाकडे पाहिले ते चुकत गेले. ज्यांनी तो ज्या झाडावर वाढतो त्या झाडाकडेही पाहिले, त्यांना त्याचे कूळ सापडू लागले.

रानरेशमाचे वर्गीकरण झाडावरून करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजकोशात ठेवावयाच्या मौल्यवान वस्तूंचे वर्णन आहे. तेथे पत्रोर्ण नावाच्या वस्त्राचा उल्लेख येतो. पत्रोर्ण म्हणजे पानावरची लोकर. ते मगध, पुंड्र व सुवर्णकुड्य ह्या प्रदेशांत होते असे सांगून ग्रंथकार त्याच्या उत्पत्तीची चार झाडे देतो: नागवृक्ष, लिकुच, बकुळ आणि वड. नागवृक्षावरचे पिवळे, लिकुचावरचे गव्हाळ, बकुळीवरचे पांढरे आणि उरलेले लोण्याच्या रंगाचे, असा भेदही तो करतो. पत्रोर्ण म्हणजे एका प्रकारचे रानरेशीमच होय, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मात्र ह्या यादीत ऐन नाही, अर्जुन नाही, साल नाही. म्हणजे तसराची आजची मुख्य खाद्यझाडे तीत नाहीत. तेव्हा पत्रोर्ण आणि तसर एकच, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु कोश कोणत्या किड्याचा हे न विचारता तो कोणत्या झाडाचा हे विचारावे, ही दृष्टी तेथे स्पष्ट दिसते. किडा डोळ्यांपुढे थोडे दिवस असतो. झाड मात्र वर्षभर जागच्या जागी उभे असते. कोश गोळा करणाऱ्याने झाड ओळखावे, हे स्वाभाविकच होते.

युरोपातील विद्वानांची वाट ह्याच्या अगदी उलट होती. त्यांच्यापर्यंत झाड पोहोचत नव्हते. पोहोचत होता तो टाचणीने टोचलेला मेलेला पतंग किंवा त्याचे चित्र. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत नेत्रचिन्हे असलेल्या एका मोठ्या पतंगाला 'पॅफिया' हे नाव दिले. सायप्रस बेटातील पॅफोस येथे व्हीनस देवीचे प्रसिद्ध क्षेत्र होते. त्यावरून तिला पॅफिया म्हणत. लिनियसचे वर्णन त्याच्या रीतीप्रमाणे दोन-चार ओळींचे होते. नेत्रचिन्हांचे मोठे पतंग आशियात जसे आहेत, तसे अमेरिकेतही आहेत. त्यामुळे हे नाव नेमके कोणत्या प्राण्याचे, ह्याविषयी पुढे दीर्घकाळ वाद चालला.

पंधरा वर्षांनी, १७७३ साली, लंडनमधील ड्रू ड्रुरी नावाच्या चांदीच्या व्यापाऱ्याने आपल्या कीटकसंग्रहाच्या सचित्र ग्रंथाचा दुसरा खंड काढला. ड्रुरी स्वत: कधी पूर्वेकडे आला नाही. दूरदेशी जाणारे खलाशी, कप्तान व शल्यवैद्य यांना कीटक कसे पकडावे व जपावे ह्याची छापील सूचनापत्रे देऊन तो आपला संग्रह वाढवीत असे. त्याच्या ग्रंथात बंगालकडून आलेल्या एका पतंगाचे चित्र होते आणि त्याला 'मायलिटा' हे नाव मिळाले. मायलिटा हे बाबिलोनच्या देवीचे नाव. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने तिचा उल्लेख केला असून, ग्रीकांची जी ॲफ्रोडाइट तीच असीरियनांची मायलिटा, असे त्याने म्हटले आहे. आणि ॲफ्रोडाइट म्हणजेच रोमनांची व्हीनस. अशा रीतीने एका देवीची दोन नावे एका पतंगाला, किंवा एकमेकांसारख्या दोन पतंगांना, चिकटली. पण तो पतंग कोठे राहतो आणि काय खातो हे दोन्ही नावांतून कळण्याची सोय नव्हती.

ती उणीव भरून काढण्याचे श्रेय एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जाते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. विल्यम रॉक्सबर्ग हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य म्हणून मद्रासेस आले आणि १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख झाले. बंगालमधील तसर व एरी ह्या दोन रेशीमकिड्यांविषयी त्यांनी लिहिलेला निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत १८०२ मध्ये वाचला गेला व १८०४ मध्ये छापला गेला. त्यांनी पतंगासाठी लिनियसचे पॅफिया हेच नाव स्वीकारले. परंतु नावाला पुढे त्यांनी झाडाची जोड दिली. अळी बोरीवर आणि ऐनाच्या कुळातील 'आसन' वृक्षावर वाढते, हे त्यांनी वनस्पतींच्या शास्त्रीय नावांसह नोंदविले. गावकरी 'बुगी' आणि 'जारू' असे दोन प्रकारचे कोश मानतात, हेही त्यांच्या निबंधात आले. म्हणजे ज्या प्रश्नावर पुढे शंभर वर्षे वाद व्हावयाचा होता, तो गावकऱ्यांच्या बोलीतून शास्त्राच्या दारात प्रथमच येऊन उभा राहिला. तसर एक की अनेक?

ह्यानंतर सुमारे तीस वर्षांनी मुंबई इलाख्यातून एक नोंद पुढे आली. कर्नल साइक्स यांनी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी केली होती. त्यांनी दख्खनमधील एका रेशीमकिड्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे स्थानिक नाव आपल्या लिपीत 'कोलिसुरा' असे दिले. घाटमाथ्यावरील लोक ह्या कोशातून धागा काढीत नसत. ते कोश गोलाकार कापून त्याची चिवट वादी करीत आणि तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधण्यासाठी ती वापरीत. बंगालमध्ये ज्या कोशाचे धोतर होत होते, तो महाराष्ट्रात शस्त्र बांधण्याच्या कामी येत होता. दोन्हींचा पतंग एकच, हे साइक्स यांना कळले ते रॉक्सबर्ग यांच्या वर्णनामुळे. आणि बोर व ऐन ही खाद्यझाडे दोन्हीकडे सारखीच होती, ह्या साम्याने त्या ओळखीला बळकटी आली.

१८३७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हेल्फर यांचा भारतातील देशी रेशीमकिड्यांवरील लेख आला. हेल्फर हे प्राग येथील वैद्य. आसामातील सोनेरी मुगा रेशमाच्या पतंगाला त्यांनीच शास्त्रीय नाव दिले आणि तो तसराहून वेगळा असल्याचे दाखविले. तसराची अळी ऐन, अर्जुन व बोर खाते, तर मुग्याची अळी सोम व सोआलू ह्या झाडांवर वाढते. तीन वर्षांनी, १८४० मध्ये, अंदमानात हेल्फर मारले गेले. पुढे फ्रेडरिक मूर यांनी लंडनमध्ये कंपनीच्या संग्रहालयातील नमुने लावता लावता १८५९ साली आशियातील रेशीम देणाऱ्या पतंगांची एकत्र यादी केली. हिमालयातील ओक वृक्षांवर वाढणारा तसर त्यांनी निराळ्या नावाने वेगळा काढला आणि दुसऱ्या एका पतंगाला हेल्फर यांचे नाव दिले.

येथून मतांचे दोन पक्ष पडले. मसुरीला स्थायिक झालेले कॅप्टन हटन हे स्वत: किडे पाळून पाहणारे निरीक्षक होते. पॅफिया ह्या एकाच नावाखाली अनेक भिन्न जाती दडपल्या गेल्या आहेत, असे त्यांचे आग्रही मत होते. त्याच्या उलट, हॅम्पसन यांनी भारतातील पतंगांवरील आपल्या ग्रंथाच्या १८९२ च्या पहिल्या खंडात ही सारी नावे पॅफियाखाली एकत्र आणली. ज्यांच्यापुढे संग्रहालयातील खणांत मांडलेले पिवळे, राखी, तांबूस, लहान, मोठे असे पतंग होते, त्यांना रंगावरून जाती पाडण्याचा मोह होणे साहजिक होते. पण तसराच्या बाबतीत रंग हा फसवा साक्षीदार आहे. एकाच मादीच्या अंड्यांपासून वाढविलेल्या संततीत पिवळ्या आणि राखी अशा दोन्ही माद्या निघू शकतात. ऋतू, पाऊस आणि पानांचा कस ह्यांप्रमाणे आकारही बदलतो. पतंगाचा जन्म आणि त्याचे अन्न ज्याने पाहिले नाही, त्याला ही गोष्ट कळण्याचा मार्ग नव्हता.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या झाडाच्या आधारे पतंगाची ओळख पटवावयाची, त्या झाडाची शास्त्रीय नावेही ह्याच काळात सारखी बदलत होती. ऐनाला कोणी टर्मिनेलिया टोमेंटोसा म्हटले, कोणी अलाटा, कोणी क्रेन्युलाटा. अलीकडच्या ग्रंथांत इलिप्टिका हे नाव आढळते. ऐन हे स्वत:च विलक्षण बदलते झाड आहे. कोठे त्याची पाने लवदार, कोठे गुळगुळीत. लोकभाषेत मात्र मराठीत ऐन, हिंदीत आसन किंवा साज, तेलुगूत मद्दी, कानडीत मत्ती ही नावे अढळ राहिली. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल आणि पानाच्या बुडाशी मागील बाजूस असलेल्या दोन लहान गाठी एवढ्या खुणा ज्याला ठाऊक आहेत, तो ऐन ओळखण्यात सहसा चुकत नाही. अर्जुनाची साल उलट पांढुरकी व गुळगुळीत असते आणि तो ओढ्यानाल्यांच्या काठी वाढतो. ऐन, अर्जुन आणि साल ही तसराची मुख्य झाडे. बोर, धावडा, किंजळ, बोंडारा, कुंभा ही दुय्यम.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळखीच्या ह्या प्रश्नाला व्यापाराची धार आली. इंग्लंडमधील लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल यांनी तसराच्या तपकिरी धाग्यावर पक्के रंग चढविण्याची युक्ती साधली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे तसराचे नमुने मांडले गेले आणि १८८१ मध्ये त्यांनी भारतातील रानरेशमांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यामुळे मागणी वाढली. मग हा किडा घरच्या रेशीमकिड्याप्रमाणे माणसाच्या डोळ्यांखाली वाढविता येईल काय, असा प्रश्न पुढे आला. मुंबई इलाख्यात मेजर कूसमेकर यांनी १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात ह्याचे चिकाटीने प्रयोग केले. कोश जमविणे, पतंगांचे मीलन घडविणे, अळ्यांना वेगवेगळ्या झाडांचा पाला घालून पाहणे, हे सर्व त्यांनी केले. खाद्यझाडांविषयीच्या माहितीत त्यामुळे मोलाची भर पडली. परंतु पुण्याकडे तसराचा धंदा उभा राहिला नाही. पतंग ओळखला, झाड ओळखले, तरी तिसरी एक गोष्ट शिल्लक राहत होती आणि ती म्हणजे अरण्य. भिंतीआड तसराची अळी जगते, पण पिढ्यानपिढ्या नांदत नाही. तिला उघड्यावरचे झाड, पावसाळी हवा आणि रात्रीचा मोकळा वारा लागतो.

ही तिसरी गोष्ट अरण्यातील लोकांना पहिल्यापासून ठाऊक होती. भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत ढिवर समाजातील अनेक कुटुंबे पिढीजात कोशांची जोपासना करीत आली आहेत. बियाण्याच्या कोशांच्या माळा करून टांगावयाच्या, रात्री बाहेर पडलेल्या पतंगांच्या जोड्या जमू द्यावयाच्या, अंडी पानांच्या द्रोणांत ठेवून ते द्रोण ऐनाच्या डहाळ्यांना अडकवावयाचे, आणि मग महिना-दीड महिना गोफण घेऊन कावळे, माकडे, मुंग्या व गांधीलमाश्या यांपासून अळ्यांचे रक्षण करीत रानातच मुक्काम ठोकावयाचा, अशी ही रीत. ह्या काळात रान राखणारे पुरुष व्रतस्थ राहत. स्नान, आहार आणि स्पर्श यांचे निर्बंध पाळीत. त्या निर्बंधांमागे श्रद्धा होती. पण रोगट अळ्यांचा संसर्ग टाळण्यासही त्यांचा उपयोग होत असला पाहिजे. तेथील कोशांपासून आंधळगाव, आरमोरी यांसारख्या गावी कोशाचे कापड विणले गेले आणि सोवळ्याचे वस्त्र म्हणून महाराष्ट्रातील देवघरांत पोहोचले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या अधिनियमान्वये केंद्रीय रेशीम मंडळ अस्तित्वात आले आणि १९६४ मध्ये रांची येथे तसराच्या संशोधनाचे केंद्र निघाले. आता संशोधक रानात जाऊन कोश, अळी, झाड आणि हवामान यांची एकत्र नोंद करू लागले. त्यातून जे चित्र निघाले त्याने जुन्या वादातील दोन्ही पक्षांना थोडा थोडा न्याय दिला. भारतातील ऐन, अर्जुन व सालावरचा तसर ही मूलत: एकच जाती आहे, तिच्या पेशींत गुणसूत्रांच्या ३१ जोड्या आहेत. संशोधनाच्या लेखनात तिला आज बहुधा अँथेरिया मायलिटा म्हणतात. पॅफिया हे नावही सर्वस्वी लोपलेले नाही. पण ह्या एका जातीत प्रदेशपरत्वे भिन्न असे अनेक वंश आहेत. त्यांची संख्या सुमारे ४४ सांगितली जाते. सिंहभूमचा डाबा ऐन व अर्जुनावर वाढतो आणि माणसाच्या राखणीला बराच सरावला आहे. बस्तरचा रैली आणि मयूरभंजचा मोडल हे सालाच्या अरण्यातले. त्यांचे मोठे, अतिशय टणक कोश रानातूनच वेचून आणावे लागतात. ओडिशाचा सुकिंदा निराळा आणि आपल्या विदर्भाचा भंडारा वंश निराळा. हे पतंग एकमेकांशी संकर करू शकतात, म्हणून जाती एक. परंतु एकाला त्याच्या अरण्यातून उचलून दुसऱ्याच्या झाडावर ठेवले, तर तो तसाच राहतो असे नाही. रैली व मोडल यांस सालाच्या रानाबाहेर वाढविण्याचे प्रयत्न फार कष्टाचे ठरले आहेत.

बुगी आणि जारू असे दोन कोश मानणाऱ्या गावकऱ्यांचे म्हणणे दीडशे वर्षांनी अशा रीतीने शास्त्राच्या भाषेत परत आले. त्यांनी जो भेद पाहिला होता तो जातींचा नव्हता, पण तो खोटाही नव्हता. संग्रहालयातील टाचणीवर जो दिसत नव्हता, असा तो राहणीचा भेद होता.

ह्या ओळखीवर आज पुष्कळ काही अवलंबून आहे. अधिक उत्पन्न देणारे बियाणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे आता सोपे झाले आहे. ते निरोगी असले तर गरीब कुटुंबांना त्याचा लाभही होतो. परंतु बाहेरून आलेल्या वंशाचे नर-मादी स्थानिक रानातील पतंगांशी मिसळले, की पिढ्यानपिढ्या त्या हवेला आणि त्या झाडाला जुळवून घेतलेला स्थानिक वंश विरळ होत जातो. दुसरीकडे ऐन आणि साल यांची जुनी राने तुटली, तर रैलीसारख्या वंशांना दुसरे घर नाही. पाळीव वंशाचे बियाणे केंद्रात जतन करता येते. रानातील वंश जतन करावयाचा तर रानच जतन करावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याचे कायदे कडक झाले, तेव्हा तसरासाठी ऐनाच्या फांद्या छाटणे म्हणजे झाडाची नासाडी, असे पुष्कळ अधिकारी समजत. पण दरवर्षी छाटलेल्या ऐनाला कोवळा पाला फुटतो, त्यावर अळ्या पोसतात आणि कोशाच्या आशेने त्या झाडाला राखणदार मिळतो. ज्या ऐनावर कोणाचे पोट चालत नाही, त्याला राखणदारही राहत नाही.

लिनियस आणि ड्रुरी यांनी तसराच्या पतंगाला देवीची नावे दिली. रॉक्सबर्ग यांनी त्याला त्याचे झाड परत दिले आणि रांचीच्या संशोधकांनी त्याचे अरण्य. वैनगंगेकाठचा ढिवर मात्र ह्या तिन्ही गोष्टी एका दमात सांगत आला आहे. कोणता कोसा, असे विचारले तर तो आधी झाडाचे नाव घेतो, मग रानाचे. त्याच्या उत्तरातले ते रान पुढच्या पिढीतही उभे असेल, तरच पतंगाच्या शास्त्रीय नावाला काही अर्थ उरेल.